ध्वनिमुद्रिकांचे धनी कोण?

जुन्या चित्रपटगीतांच्या तबकड्या जिवापाड जपणाऱ्या संग्राहकांच्या वर्तुळात एक तक्रार गेली चाळीस वर्षे जिवंत आहे. ब्रिटनच्या ईएमआय कंपनीने ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा ताबा १९८५-८६ च्या सुमारास कलकत्त्याच्या गोयंका उद्योगसमूहाकडे दिला. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्या कंपनीच्या तबकडीवर घराघरांत पोहोचले, तीच ही कंपनी. तेव्हापासून चित्रपटसंगीताची दुर्दशा सुरू झाली, असे या मंडळींचे म्हणणे. पुनर्प्रकाशनात गाण्याची कडवी गाळली जातात. जुन्या मुद्रणावर नवे ठेके चढवून ते ‘नवजीवन’ म्हणून विकले जाते. वेष्टनावर गीतकाराचे नाव सापडत नाही. २००० साली कंपनीचे नाव ‘सारेगामा’ झाले आणि २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेली ‘कारवाँ’ ही पेटी बाजारात आली. कोणती पाच हजार, हे अर्थातच कंपनीने ठरवले.

संग्राहकांनी लक्षणे अचूक टिपली आहेत. निदान मात्र साफ चुकले आहे. धनी बदलला म्हणून ठेवा नासला, हे त्यांच्या दुःखाचे सार. आणि म्हणून त्यांची मागणी एवढीच की धन्याने जरा रसिकतेने वागावे. चांगल्या धन्याची ही आस नवी नाही. गिरणी विकली गेली की ‘जुने शेटजी बरे होते’ असे म्हणणारा कामगार प्रत्येक चाळीत भेटतो.

जुने शेटजी खरोखर कसे होते? १९०८ मध्ये कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना निघाला आणि दोन दशकांनी दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला. १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन ईएमआय जन्मली; म्हणजे दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या, स्पर्धक भासणाऱ्या तबकड्यांचा नफा एकाच लंडनच्या तिजोरीत जाऊ लागला. तबकडी ज्या लाखेपासून बनत असे ती लाख छोटा नागपूरच्या रानांतील पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरून आदिवासी खरवडून आणीत. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा वाटा हिंदुस्थानच पुरवीत होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा मोठ्या कौतुकाने उल्लेख करणाऱ्या लेखनात या लाख गोळा करणाऱ्यांसाठी एक ओळ तरी कधी खर्ची पडली आहे काय?

गाणाऱ्यांचीही कथा वेगळी नव्हती. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापले गेले. कामिनी हे चित्रपटातील पात्र. गळा लता मंगेशकर यांचा. पार्श्वगायकांची नावे तबकडीवर येऊ लागली ती श्रोत्यांच्या औत्सुक्यामुळे आणि गायकांच्या आग्रहामुळे. लंडनच्या धन्याच्या औदार्यामुळे नव्हे. वादकांना तर तेवढेही लाभले नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रण-गृहांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे शेकडो वादक, त्यांतील कितीतरी गोव्याचे, दिवसाच्या हिशेबाने पैसे घेऊन घरी जात. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा यांचे नाव आज जाणकारांना ठाऊक आहे. त्यांच्यापुढे बसून वाजवणाऱ्यांची नावे कोणत्या वेष्टनावर शोधावीत? २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला कायमचा लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद केली, हे चांगलेच झाले. परंतु त्याच कायद्याने चित्रपटातील ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि श्रेयनामावलीत ज्याचे नाव नाही, त्याला जवळजवळ सर्व बाबतींत ‘कलावंत’ मानण्याचेच नाकारले आहे. ज्याचे नाव मालकाने छापले नाही, त्याचा हक्कही नाही!

या मक्तेदारीला आव्हान मिळालेच नाही असे नाही. मुंबईत वडाळ्यास ‘यंग इंडिया’ या नाममुद्रेखाली स्वदेशी तबकड्या निघत. तो प्रयत्न १९५० च्या दशकात विझला. पुढे पॉलिडोर आली. ‘शोले’ची गाणी आणि संवाद १९७५ मध्ये तिच्याच तबकड्यांवर गाजले. खरा तडाखा दिला तो कॅसेटने. संग्राहक कॅसेटकडे नाक मुरडून पाहतात. पण रिक्षावाल्याच्या आणि यंत्रमाग कामगाराच्या कानापर्यंत गाणे त्यांच्या निवडीने पोहोचले ते त्या स्वस्त फितीमुळे, हे विसरता येणार नाही. कॉपीराइट कायद्यातील एका पोटकलमाच्या आधाराने जुन्या गीतांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्या विकून सुपर कॅसेट्सने पाय रोवले आणि मग तीच कंपनी नवी धनीण होऊन बसली, हा पुढचा भाग.

तेव्हा १९८५-८६ मध्ये जे घडले ते काय होते? एका मालकाने आपला माल दुसऱ्या मालकाला विकला. त्या मालात जमीन होती, यंत्रे होती, आणि त्याच यादीत, त्याच भावात, आठ दशकांचे गाणे होते. विकणाऱ्याचे पुढे काय झाले तेही उद्बोधक आहे. ईएमआय स्वतःच २००७ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूक संस्थेने घेतली, २०११ मध्ये ती सिटीग्रुप या बँकेच्या हाती पडली आणि २०१२ पासून तिचे तुकडे करून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकण्यात आले. त्या व्यवहारांनी तिकडचे रसिकही हळहळले. हळहळीने एकही करार बदलला नाही.

संग्राहकांचे ऋण येथे मान्य केलेच पाहिजे. जे काम विद्यापीठांनी, अकादम्यांनी, आकाशवाणीने करावयाचे ते कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी केले. १९८० पासून निघालेल्या त्यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोश’च्या खंडांनी चित्रपटांची आणि गीतांची दशकवार नोंद सिद्ध केली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांचा इतिहास कंपनीच्या कचेरीबाहेर काढला. रद्दीवाल्याच्या पोत्यातून तबकडी सोडवणारा हात आदरणीयच आहे.

परंतु ती तबकडी जाते कोठे? कपाटात. आणि कपाटाला कुलूप असते. दुर्मिळ तबकडीची किंमत ती दुर्मिळ राहण्यावरच अवलंबून असल्याने, संग्राहक आणि कंपनी यांचे हितसंबंध नकळत एका जागी येऊन मिळतात. संग्राहकाच्या पश्चात वारस ते सारे पुन्हा पोत्यात भरतात, किंवा लिलावात विकतात. हे एखाद्या व्यक्तीच्या वृत्तीचे दूषण नव्हे; सार्वजनिक व्यवस्थाच नसेल तर सज्जनाचे कपाटही खासगी गोदाम होते.

ही व्यवस्था का नाही, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांत देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. चार आण्यांच्या चोपड्यालाही तो नियम लागू. ध्वनिमुद्रिकेला मात्र तो नाही! फ्रान्सने १९३८ पासून तबकड्यांची प्रत राष्ट्राकडे जमा करणे सुरू केले. लोकशाही समाजवादाची भाषा बोलणाऱ्या आपल्या राज्यकर्त्यांना ते पुढे कधीही सुचले नाही.

याचा परिणाम पाहावा. कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षांनी संपतो. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क संपू नये म्हणून ती १९९२ मध्ये वाढवली गेली आणि गुरुदेवांच्या पुण्याईने ध्वनिमुद्रण कंपन्यांनाही दहा वर्षे आयती मिळाली.) साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी चित्रपट काढला १९५३ साली. त्या वर्षी निघालेल्या कोणत्याही तबकडीवरील मुद्रणहक्क २०१३ च्या अखेरीस संपला. अत्र्यांच्या शब्दांवरील हक्क २०२९ पर्यंत आणि वसंत देसाई यांच्या स्वररचनेवरील २०३५ पर्यंत उरतो, हे खरे. तो त्या निर्मितीचा मान म्हणून सोडून देता येईल. पण मुद्रण तर जनतेचे झाले ना? मग जनतेने ते ऐकावयाला कोठे जावे? मूळ प्रत असेल तर कंपनीच्या कोठारात किंवा कुणाच्या कपाटात. कायद्याने मोकळे झालेले गाणे प्रत्यक्षात धन्याच्याच घरी राहते. आणि धनी ते सांभाळीलच याची हमी कोण देणार? पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत उपलब्ध नाही, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

संग्राहकांच्या रागाला राजकीय दिशा देण्याचे काम समाजवादी कार्यकर्त्यांचे आहे. कंपनीने वेष्टन सुबक करावे म्हणून अर्ज लिहिण्यात त्या रागाची वाफ जाऊ देणे परवडणारे नाही. मागण्या सरळ आहेत. १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक ध्वनिमुद्रणाची प्रत, तबकडी असो वा संगणकीय फाइल, सार्वजनिक संग्रहालयात जमा करणे सक्तीचे व्हावे. हक्काची मुदत संपलेल्या मुद्रणांची मूळ फीत वा धातूचा साचा कंपनीने राष्ट्राच्या स्वाधीन करावा. खासगी संग्रह योग्य मोबदला देऊन आणि संग्राहकाचे नाव राखून विकत घेण्याची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात असावी. पुण्यास चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय १९६४ पासून आहे, त्याच शहरात ध्वनीचेही उभे राहू शकते. तेथे प्रवेशाला शुल्क नसावे, आणि प्रत्येक गीताच्या नोंदीत गायक, गीतकार, संगीतकार यांच्याबरोबर वादकांचीही नावे असावीत. त्या पिढीतील जे वादक अद्याप हयात आहेत, त्यांच्याकडून ही नावे लिहून घेण्याचे काम कायद्याची वाट न पाहता वांद्र्यात, माहीममध्ये आणि मडगावात आजच सुरू करता येईल.