प्रमाणपत्र कोणास दाखवावयाचे?

निकालांचा हंगाम ओसरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. एरवी सोयरीक, सणवार आणि प्रकृतिमान यांविषयी लिहिणारे वाचक या दिवसांत मुलामुलींच्या पुढील वाटेविषयी विचारू लागतात. यंदाच्या पत्रांपैकी एक बऱ्हाणपूरला लागून असलेल्या बहादरपूरहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनीचे यजमान तेथील सूतगिरणीत कामास होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी यंत्रमागावर मीटरच्या मजुरीने संसार ओढला. थोरली मुलगी आता बी.एस्सी. झाली असून तिला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करावयाची आहे. इंदूरच्या एका शिकवणी वर्गाने सहा प्रमाणपत्रांचा संच ऐंशी हजार रुपयांस देऊ केला आहे आणि नोकरीची हमीही दिली आहे, अर्थात तोंडी. घरात शिल्लक पन्नास हजारांची. उरलेल्या रकमेसाठी बांगड्या मोडाव्या लागतील. “भाऊसाहेब, हे करावे की करू नये, एवढेच कळवा,” असे पत्राच्या शेवटी आहे.

प्रश्न बांगड्या मोडण्याचा असताना दोन ओळींचे उत्तर धाडणे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून एका रविवारी आम्ही बहादरपुरास जाऊन आलो.

मुलीने वर्गाचे रंगीत पत्रक आमच्यापुढे ठेवले. नेटवर्किंग, क्लाउड, सायबर सुरक्षा, डेटा, अशी सहा नावे एकाखाली एक छापलेली. आम्ही विचारले, “बाळ, ही प्रमाणपत्रे तू दाखविणार कोणास?”

“कंपनीला, काका.”

“कोणत्या कंपनीला? कोणत्या कामासाठी?”

मुलगी गप्प झाली. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीही विचारला नव्हता. त्या काळी गावोगाव संगणकाच्या शिकवण्या निघाल्या होत्या. आमच्या शब्दावरून आमच्या पुतण्याने अशाच एका संस्थेत दोन वर्षांची पदविका घेतली. पुढे संस्थेला कुलूप लागले, आणि सोनेरी शिक्क्याचा तो कागद एकाही मुलाखतीत कोणी हाती धरून पाहिला नाही. तो आजही त्याच्या आईच्या ट्रंकेत आहे. पैसा गेला तो गेलाच. पण मुलाची दोन वर्षे गेली, याची रुखरुख आम्हांस अधिक आहे.

तेव्हा वाचकहो, पहिली गोष्ट ही की, प्रमाणपत्र निवडण्यापूर्वी ते पाहणारा कोण, हे ठरवावे. दार ठरले की किल्ली सापडते. बहादरपूरच्या मुलीपुढे ढोबळमानाने तीन दारे आहेत.

पहिले दार मध्य प्रदेश शासनाचे. ज्यांनी तरुणपणी मॅट्रिकनंतर टंकलेखनाच्या वर्गात रेमिंग्टनच्या कळा बडविल्या, त्यांस हे दार ओळखीचे वाटेल. आज त्या जागी सीपीसीटी नावाची संगणक-प्रवीणता परीक्षा आहे. तीत पंचाहत्तर पर्यायी प्रश्न असतात, आणि इंग्रजी व हिंदी टंकलेखनाची चाचणी असते. निम्मे गुण, इंग्रजीत मिनिटास ३० शब्द आणि हिंदीत २० शब्द, एवढी अट. गंमत अशी की, हिंदीसाठी जुन्या रेमिंग्टन धर्तीची कळरचना आजही निवडता येते! लिपिक, डेटा एंट्री यांसारख्या पदांसाठी या गुणपत्रकाबरोबर संगणकाची एक वर्षाची पदविका मागतात. डीसीए, पदवीधरांसाठी पीजीडीसीए, अथवा आयटीआयमधील कोपा हा अभ्यासक्रम, यांपैकी एखादी चालते. खांडव्याहून ‘कर्मवीर’ चालविणाऱ्या माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचे भोपाळचे विद्यापीठ आपल्या केंद्रांतून हे पदविका अभ्यासक्रम चालविते. मात्र आपल्या गल्लीतील केंद्र त्या वर्षी विद्यापीठाच्या यादीत आहे ना, हे पाहिल्याशिवाय फी भरू नये.

दुसरे दार महाराष्ट्र शासनाचे. बऱ्हाणपूरच्या मराठी घरांस ते फार जवळचे वाटते, कारण रावेर पुढच्या काही स्थानकांवर आणि निम्मे सोयरे जळगाव जिल्ह्यात. तेथे संगणक-अर्हता म्हणून २००१ पासून सुरू झालेली एमएस-सीआयटी सर्वांच्या तोंडी आहे. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निमाड मध्य प्रदेशातच राहिले, आणि त्या रेषेचा परिणाम आजच्या अर्जावरही होतो. महाराष्ट्रातील बहुतेक शासकीय पदांस तेथील अधिवासाचा दाखला लागतो. कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी उमेदवारांस या बाबतीत सवलत आहे. ती आपणांस लागू नाही. म्हणून मावशीने भुसावळहून फोनवर “एमएस-सीआयटी करून टाक” म्हटले, तरी अधिवासाचा विचार आधी करावा. ज्यांचा निर्णय अजून दोलायमान आहे, त्यांनी नाएलिटच्या ‘ओ’ पातळीकडे पाहावे. केंद्र शासनाची ही संस्था पूर्वी डोएक या नावाने ओळखली जाई. तिच्या परीक्षांचा उल्लेख दोन्ही राज्यांच्या जाहिरातींत आढळतो. ‘ओ’ पातळीत पायथन भाषेतील प्रोग्रामिंग आणि वेब-रचना हेही विषय असल्याने हाती थोडे खरे कामही येते. अर्थात त्या त्या जाहिरातीतील मजकूर हेच अखेरचे प्रमाण.

तिसरे दार खासगी कंपन्यांचे, आणि पत्रकातील सहा नावांचा संबंध या दाराशी आहे. येथेही कामागणिक भेद आहेत. प्रोग्रामिंग करणाऱ्यास प्रमाणपत्र क्वचितच विचारतात. त्याच्याकडून प्रोग्राम लिहवून घेतात. मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांसाठी स्वतःची चाचणी घेतात. मात्र नेटवर्क सांभाळणे, सर्व्हर चालविणे, कचेरीतील यंत्रे दुरुस्त ठेवणे या कामांत ठरावीक परीक्षांस मान आहे. नेटवर्कसाठी सिस्को कंपनीची सीसीएनए, यंत्रांच्या देखभालीसाठी कॉम्पटियाची ए-प्लस, लिनक्ससाठी रेड हॅटची आरएचसीएसए. या शेवटच्या परीक्षेत पर्यायी प्रश्नच नाहीत. समोर यंत्र ठेवतात आणि कामे करून दाखवावयास सांगतात. घोकंपट्टीस तेथे थारा नाही, म्हणूनच तिला वजन आहे.

या परीक्षा स्वस्त नाहीत. सीसीएनएचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. शिवाय या तिन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांचीच असते. आपल्या भागातील केळीवाले घड उतरविण्याआधी गिऱ्हाईक पाहून ठेवतात. उतरविल्यावर बाजार शोधीत हिंडत नाहीत. या प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. सहा एकदम घेतली, तर पहिली नोकरी लागेपर्यंत निम्म्यांची मुदत सरत येते, आणि मुलाखतीत एकाविषयीही खोलवर बोलता येत नाही.

शिकण्यास मात्र एवढा खर्च नाही, हे पुष्कळ घरांस ठाऊक नसते. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, पायथन आदी विषयांचे छोटे छोटे पाठ तयार केले आहेत. त्यांतील कित्येक मराठीतूनही विनामूल्य ऐकता येतात. ऐकावे, थांबावे आणि तसेच आपल्या यंत्रावर करून पाहावे, अशी त्यांची पद्धत आहे. आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमात अभ्यास फुकट असून परीक्षेस बसावयाचे तरच हजाराच्या आसपास शुल्क पडते. सिस्कोच्या ‘पॅकेट ट्रेसर’ या मोफत साधनात एकाच संगणकावर अख्खे नेटवर्क मांडून मोडता येते. जुना संगणक आणि नेमाने रोज तीन तास, एवढे भांडवल आरंभास पुरे.

हे सारे आम्ही सांगत असता मुलीचे वडील कोपऱ्यात ऐकत बसले होते. ते प्रथमच बोलले. “गाठीवर शिक्का कोणताही असो, व्यापारी थान उलगडूनच पाहतो.” आमच्या तासाभराच्या बोलण्याचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. शिक्का खोटा असतो असे नव्हे. शिक्का पाहूनच व्यापारी गाठीपाशी थांबतो. पण सौदा पोतावर ठरतो.

मग खरी अडचण पुढे आली. आईची इच्छा मुलीने सीपीसीटी द्यावी आणि बऱ्हाणपुरातच कचेरीत लागावे, अशी. मुलीचे मन पुण्याकडे. “मला नेटवर्कचे काम करायचे आहे, काका, टायपिंग नाही,” ती हळूच म्हणाली. आईने पदर सावरला आणि चहाचे निमित्त करून ती आत गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बऱ्हाणपूरची ताप्ती मिलही थांबली. ज्या घराने एक गिरणी स्वतः गमावली आणि दुसरी बंद पडताना पाहिली, त्या घरातील माउलीस सरकारी नोकरीचाच भरवसा वाटावा, यात नवल काय! आणि मुलीस आपल्या गुणांवर विश्वास असावा, यातही गैर काय?

आम्ही सुचविले ते असे. बांगड्या मोडू नयेत. वर्गाने हमी लिहून दिली नाही, यातच तिचे उत्तर आले. सहा महिने मुलीने घरी नेटवर्क आणि लिनक्स शिकावे, आणि केलेल्या कामाची वही ठेवावी. पुण्याच्या कंपन्यांच्या वीस जाहिराती वाचून त्यांत कोणती परीक्षा वारंवार येते, ते टिपावे. सहा महिन्यांनी मन तेथेच असेल, तर शिलकीतून एकाच परीक्षेचे शुल्क भरावे. दरम्यान सीपीसीटीही देऊन ठेवावी. तिचे शुल्क त्यामानाने किरकोळ असते आणि आईच्या जिवास आधार होतो. पुण्याचे पुढे पाहू.

मुलीने मान डोलाविली. आईने मात्र होकार दिला नाही की नकारही दिला नाही. निघताना दारापर्यंत येऊन तिने विचारले, “भाऊसाहेब, सहा महिने फुकट तर नाही ना जाणार?” आमच्या पुतण्याची ट्रंक डोळ्यांपुढे आली. आम्ही म्हणालो, “वहिनी, शिकलेले फुकट जात नाही. न शिकता मिळालेला कागद फुकट जातो.”

ज्या वाचकांच्या मुलामुलींनी या वाटेने जाऊन नोकरी मिळविली, अथवा फसगत सोसली, त्यांनी आपला अनुभव आम्हांस अवश्य लिहून कळवावा. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा बहादरपुरास जाणार आहोत. त्या वेळी मुलीच्या वहीत काय उतरले आहे, ते याच पानावर सांगू.