बाकावरचे अभियंते

हिंजवडीच्या काचमहालात नोकरी लागली की घरी पेढे वाटले जातात. नवख्या संगणक अभियंत्याचे वार्षिक वेतन २०१०च्या सुमारास सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास होते. २०२४मध्येही बड्या सेवा-कंपन्यांत ते साडेतीन लाखांपुढे फारसे सरकलेले नव्हते. घरभाडे मात्र थांबले नाही! कंपनी त्याचे तास परदेशी ग्राहकाला विकते. प्रकल्प नसला की तो ‘बेंच’वर. वर्षाकाठी किमान २२५ दिवस ग्राहकाच्या खाती लागावेत, बाकावर ३५ दिवसांहून अधिक नकोत, असा दंडक टीसीएसने जून २०२५मध्ये घातला. बावीस वर्षांच्या मुलाने प्रकल्प आणायचा कुठून? ते काम वरिष्ठांचे. बाकावरचे दिवस प्रशिक्षणाचे मानले जातील, मूल्यांकनात त्याच्या विरुद्ध धरले जाणार नाहीत, एवढे तरी कंपन्यांनी नेमणूकपत्रात लिहून द्यावे.