जिचं पिस्तूल, तिची तेलाची बाटली

कुठल्या वस्तूला कुठलं तेल, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. केसांना खोबरेल, फोडणीला शेंगदाण्याचं, देवापुढे तिळाचं आणि शिलाई मशिनला मशिनचं. पण घरात पिस्तूल आलं की मात्र सगळ्या बायका दोन पावलं मागे सरकतात. "ते बाई पुरुषांचं काम!" माझं म्हणणं याच्या बरोब्बर उलट आहे. जी पिस्तूल चालवते, तिनंच ते साफ करावं. आणि घरातल्या बाकीच्या बायकांनाही त्यातलं चार गोष्टींइतकं तरी कळावं.

माझी लेक पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तोच हा प्रकार. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या वेळी सगळ्यांना कोण कौतुक! पण आमची पोरगी हात काळे करून पिस्तुलाची नळी पुसायला बसली, की घरी आलेली प्रत्येक आत्या-मावशी म्हणणार, "अगं, तू कशाला? सर करतील की, नाहीतर बाबा करतील." मेडल मुलीचं चालतं, काजळी नाही चालत. असं का हो?

बरं, हे काम अवघड आहे का? मुळीच नाही. फक्त दोन गोष्टींमधला फरक कळायला हवा. एक असतं मळ काढणारं, म्हणजे सॉल्व्हंट. दुसरं असतं घर्षण कमी करणारं, म्हणजे वंगण. भांडं घासायची पावडर आणि भांड्याला लावायचं तेल आपण एक समजतो का? तसंच हे. सॉल्व्हंट काजळी सोडवतं आणि त्याबरोबर जुनं तेलही धुऊन नेतं. मग धातू उघडा पडतो. तो तसाच ठेवला तर आपल्या जुलै महिन्यात त्यावर गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून आधी सॉल्व्हंट, मग कोरडं पुसणं, मग तेलाचा अगदी पातळ हात. हा क्रम चुकवायचा नाही.

सॉल्व्हंट निवडताना मळ कशाचा आहे, ते आधी बघायचं. लेकीच्या पॉइंट टू टू पिस्तुलाची गोळी साध्या शिशाची, वरून मेणकट. त्यामुळे नळीत दारूची काजळी, मेण आणि थोडं शिसं साठतं. त्याला साधं नळी साफ करायचं सॉल्व्हंट पुरतं. तांब्याचं आवरण असलेल्या मोठ्या गोळ्यांसाठी अमोनियावालं जहाल सॉल्व्हंट मिळतं, ते इथे आणायचं कारणच नाही. निकेलचा मुलामा असलेल्या हत्यारावर तर ते लावूच नये, मुलामा सुटू शकतो. ब्रश पितळी किंवा नायलॉनचा घ्यावा. भांड्यांची तारेची घासणी नळीच्या वाटेलाही जाऊ देऊ नये.

आता घरगुती उपायांबद्दल. नेलपॉलिश रिमूव्हरनं चटकन निघेल, असं एकीनं सुचवलं होतं. त्यातलं अ‍ॅसिटोन लाकडी मुठीचं पॉलिश उतरवतं आणि काही प्लास्टिकही खातं. रॉकेल मळ काढतं, जुने लोक वापरतही. पण त्यानंतर तेल लावलंच पाहिजे. पेट्रोलचं नावसुद्धा नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीत आपला गॅस पेटलेला असतो. स्प्रेच्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या नावाचा अर्थच मुळी पाणी हटवणं. भिजलेल्या भागातलं पाणी काढायला ते उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून त्यावर विसंबू नये.

आणि खोबरेल? पुण्याच्या थंडीत बाटलीत कसं घट्ट बसतं ते आठवा. साधारण चोवीस अंशांखाली ते गोठतं. ते स्लाइडच्या खाचेत गोठलं तर स्लाइड अडखळणारच. करडई-सूर्यफुलाचं तेल तर त्याहून वाईट. हवा लागून त्याचा डिंक होतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवरचा चिकट थर ज्या बाईनं खरवडून काढलाय, तिला हे वेगळं सांगायला नको. त्या मानानं शिलाई मशिनचं तेल खूपच बरं. ते शुद्ध, पातळ खनिज तेल असतं, अडीअडचणीला चालतं. पण पावसाळ्यात गंजापासून फार दिवस राखत नाही. गंजरोधक असलेलं खास बंदुकीचं तेल घ्यावं हेच खरं. एक छोटी बाटली कितीतरी दिवस पुरते, कारण लागतातच दोन-चार थेंब. जिथे धातूवर धातू घासून चकचकीत झालाय, तिथेच ते द्यायचे. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनच्या आत तेल ओतू नये. तिथे धूळ धरून चिखल होतो. गोळ्यांना तर तेलाचा हातही लागू नये, आत झिरपलं तर गोळी उडतच नाही. हवेवर चालणाऱ्या दहा मीटरच्या पिस्तुलाचं शास्त्र वेगळं. तिथे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच तेल, दुसरं नाही.

पण मैत्रिणींनो, माझा खरा मुद्दा तेलाचा नाही, शिशाचा आहे. त्या काजळीत शिसं असतं. शरीरातल्या शिशाची अमुक एक पातळी निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक, आणि गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. आणि हे काम बहुतेक घरांत होतं कुठे? जेवणाच्या टेबलावर! साहेब पिस्तूल पुसून उठतात, त्यावर पेपर झटकला जातो आणि त्याच जागी बाई पोळ्या लाटते. चिंध्या गोळा करणारी तीच, ते कपडे धुणारीही तीच. म्हणजे हत्यार तिचं नाही, पण त्याचं विष तिच्या वाट्याला. म्हणून हे 'पुरुषांचं काम' आपल्याला कळायलाच हवं. गॅलरीत किंवा खिडकीशी वेगळं जुनं टेबल, हातात रबरी मोजे, काम चालू असताना चहा-बिस्कीट बंद. नंतर टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडायचं नाही. हात गार पाण्यानं, साबण लावून धुवायचे. कपडे वेगळे धुवायचे आणि चिंध्या पिशवीत बांधून टाकायच्या.

आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, पिस्तूल रिकामं आहे ना ते बघायचं. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं चाचपायचं. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मगच ते सुटं करायचं, तेही पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच.

२०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्यानं खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्याच्या बातम्यांत हलक्या वजनाचं आणि दागिन्यांसारख्या डब्याचं केवढं कौतुक होतं! ते साफ कसं करायचं, यावर मी तरी एक ओळ वाचली नाही. संरक्षणासाठी घरात हत्यार ठेवावं की नाही, यावर माझं मत फारसं अनुकूल नाही. पण परवाना काढून ठेवलंच असेल, तर मखमलीत गुंडाळून कपाटात गंजत ठेवलेलं हत्यार कुणाचंच रक्षण करत नाही.

खेळात तर यंत्र ओळखीचं असणं फारच मोलाचं. २०२१मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. त्यात साफसफाईचा काही दोष नव्हता. पण यंत्र कधी दगा देईल सांगता येत नाही, तेव्हा निदान आपल्या हातातलं तरी आपण नीट राखावं. तीच मनू २०२४मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

तेव्हा मुलीला रेंजवर पाठवणाऱ्या आयांना माझी एकच विनंती आहे. तिच्या बॅगेत डबा आणि पाण्याची बाटली भरता ना? त्यांच्यापासून लांब, वेगळ्या पिशवीत, तेलाची बाटली आणि चार स्वच्छ चिंध्याही भरा. होऊ देत तिचे हात काळे. साबणानं निघतं ते.