करार आधी, ‘कॅशलेस’ची जाहिरात नंतर



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांची नवी केंद्रे सध्या जोरात जाहिराती करत आहेत. ‘सर्व प्रमुख विमा कंपन्यांची कॅशलेस सुविधा’ ही ओळ त्यात ठळक असते. घरातल्या एकासाठी आम्ही अशाच एका केंद्रात गेलो. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, अनामतही भरली. मग विम्याच्या खिडकीवर कळले की आमच्या कंपनीशी करार अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे. ‘तूर्त तुम्ही भरा, नंतर क्लेम करा, मिळून जातील,’ असा दिलासा मिळाला. काही लाख रुपये उभे कुणी करायचे आणि क्लेम अडला तर भांडायचे कुणी, यावर मात्र तिथे कुणी बोलेना.

केंद्र नवे आहे, याला आक्षेप नाही. नोंदणी, खाटा, दर यांची छाननी आणि प्रत्येक कंपनीशी किंवा तिचे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेशी (टीपीए) बोलणी यात वेळ जाणारच. आक्षेप आहे तो करार होण्याआधीच झाल्याचे भासवण्याला. ‘आमचे सर्जन मोठ्या रुग्णालयातले, तिथे त्यांची सगळी ऑपरेशन्स कॅशलेस व्हायची,’ असेही ऐकवले जाते. पण विमा कंपनीचा करार रुग्णालयाशी असतो. सर्जन नव्या इमारतीत आले म्हणून करार त्यांच्यामागून येत नाही.

जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये करार नसलेल्या रुग्णालयांतही कॅशलेस देणारे ‘कॅशलेस एव्हरीवेअर’ सुरू केले, मग करार असलेल्या रुग्णालयांच्या नेटवर्कची काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. त्या सोयीतही ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची सूचना कंपनीला किमान ४८ तास आधी द्यावी लागते, क्लेम पॉलिसीच्या अटींत बसावा लागतो आणि रुग्णालयाचीही तयारी लागते. दाखल व्हायच्या दिवशी खरी स्थिती कळली, तर हीही वाट बंद होते.

त्यातून या शस्त्रक्रियेच्या अटी कडक. विमा नियामक ‘इर्डा’च्या प्रमाणित अटींनुसार डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. तो ३५ किंवा त्याहून अधिक पण ४०च्या आत असेल, तर अनियंत्रित टाइप-टू मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा हृदयविकारासारखा गंभीर त्रास असावा लागतो आणि वजन घटवण्याचे साधे उपाय करूनही गुण आला नाही, हे दाखवावे लागते. नेटवर्कमधल्या रुग्णालयात ही छाननी पूर्वमंजुरीच्या (प्री-ऑथ) वेळी, म्हणजे शस्त्रक्रियेआधी होते. कागद कमी पडला तर तो जोडता येतो, नाहीतर बेत पुढे ढकलता येतो. पदरचे पैसे भरून शस्त्रक्रिया केली, तर तीच छाननी नंतर होते आणि नकार आला की सगळा खर्च रुग्णाच्या बोकांडी बसतो.

अपघातात घाई असते, इथे ती नसते. आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, एंडोस्कोपी अशा फेऱ्या आधी होतात. एवढ्या काळात विम्याची खरी स्थिती कागदावर लिहून देणे केंद्राला अशक्य नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अनामत घेण्यापूर्वी केंद्राने लेखी सांगावे: कोणत्या कंपनीशी करार आहे, तो कधीपासून लागू आहे आणि त्यात ही शस्त्रक्रिया येते का. करार व्हायचा असेल तर तसेच छापावे. कंपन्यांनीही नेटवर्कची यादी शाखेचा पत्ता आणि तारखेसह अद्ययावत ठेवावी. राज्यातल्या शुश्रूषागृहांना २०२१च्या नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. आरोग्य विभागाने त्याच फलकाशेजारी ही यादीही सक्तीची करावी.

तोवर वाचकांनी जाहिरातीवर विसंबू नये. आपल्या विमा कंपनीला ईमेल करून रुग्णालयाचे नाव, शाखा आणि शस्त्रक्रिया कळवावी, लेखी उत्तर मागवावे आणि ते हातात आल्यावरच अनामत भरावी. क्लेम नाहक नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत आणि तक्रारीला शुल्क लागत नाही.

— एक विमाधारक, पुणे