वयोमान, अपंगत्व आणि सरकारी मोजदाद

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशातील साठ वर्षांवरील दर हजार व्यक्तींमागे ५१ व्यक्ती अपंग आहेत. ऐंशीच्या पुढे हेच प्रमाण हजारी ८४ आहे. याचा सरळ अर्थ असा की, ऐंशी ओलांडलेल्या शंभर वृद्धांपैकी एक्याण्णव-ब्याण्णव जणांना दिसणे, ऐकणे, बोलणे, चालणे यांत अपंगत्व म्हणावे अशी कोणतीही अडचण नाही, आणि त्यांना मानसिक आजारही नाही. आपल्या घरातील, आळीतील किंवा सोसायटीतील ऐंशी ओलांडलेली माणसे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. हा हिशेब पटतो का? दवाखान्यात रोज वृद्धांची नाडी पाहणाऱ्या मला तो पटत नाही.

आता दुसरा आकडा पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. ‘लासी’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तीत साठीच्या पुढच्या सुमारे २४ टक्के व्यक्तींनी अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, अंथरुणातून उठणे, खोलीत चालणे, शौचास जाणे यांपैकी निदान एका गोष्टीत अडचण येते, असे सांगितले. स्वयंपाक, खरेदी, पैशांचे व्यवहार, वेळेवर औषधे घेणे अशा कामांत अडचण येणाऱ्यांचे प्रमाण तर ४८ टक्के निघाले.

एका सरकारी कागदावर पाच टक्के, दुसऱ्यावर चोवीस. दोन्ही मोजण्या एकाच गोष्टीच्या नाहीत, हे मान्य. अंघोळीला हात धरावा लागणे आणि कायद्याच्या दृष्टीने अपंग असणे यांत अंतर आहे. परंतु सरकारी रुग्णालयात उतार असलेला रस्ता हवा की पायऱ्या, जिल्ह्यात भौतिकोपचार तज्ज्ञ किती नेमावेत, श्रवणयंत्रांसाठी किती तरतूद ठेवावी, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर यांपैकी कोणता कागद असतो, यावर आपल्या घरातील वृद्धांचे बरेच काही अवलंबून असते.

हा गोंधळ नवा नाही. २००१ च्या जनगणनेत देशात २ कोटी १९ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. पुढच्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने ही संख्या १ कोटी ८५ लाख सांगितली. वर्षभरात तीस-पस्तीस लाख माणसे कोठे गेली? त्याहून चमत्कारिक बाब पुढे आहे. जनगणनेत दृष्टिदोषाचे प्रमाण सर्वांत मोठे, जवळजवळ निम्मे होते. नमुना सर्वेक्षणात मात्र हालचालींचे अपंगत्व अव्वल ठरले आणि दृष्टिदोष खूप मागे पडला. कारण साधे होते. ज्याचा एकच डोळा चांगला आहे, त्यालाही जनगणनेने दृष्टिदोष असलेला मानले. अंधुक दिसते, पण चष्म्याने सुधारेल की नाही हे कधी तपासलेच नाही, अशीही माणसे तिने धरली. सर्वेक्षणाची कसोटी वेगळी होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून, चांगल्या उजेडात, तीन मीटरवरून हाताची बोटे मोजता येतात का, असे तेथे पाहिले गेले. एक डोळा गमावलेला माणूस दुसऱ्या डोळ्याने बोटे सहज मोजतो. मग तो यादीतून बाहेर पडतो. कानांबाबतही तेच. श्रवणयंत्र लावून ऐकू येणारी व्यक्ती २००१ च्या जनगणनेत अपंग नव्हती. सर्वेक्षणात मात्र यंत्राविना किती ऐकू येते, हे विचारात घेतले होते.

वैद्यकात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की दोन प्रयोगशाळांचे अहवाल ताडून पाहण्यापूर्वी दोघांनी एकच पद्धत वापरली आहे का, हे पाहावे. थायरॉईडच्या दोन अहवालांत तफावत दिसली, तर आपणही आधी तेच विचारता.

मग देशाच्या मोजणीत हा मेळ कोणी घालायचा? येथे खाती मोजावी लागतात. जनगणना गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. नमुना सर्वेक्षण सांख्यिकी मंत्रालयाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आणि ‘लासी’ आरोग्य मंत्रालयाच्या. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ ओळखपत्राची नोंदणी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची. परंतु त्या प्रमाणपत्रासाठी तपासणी करणारे डॉक्टर शासकीय रुग्णालयांतले, म्हणजे राज्याच्या आरोग्य यंत्रणेतले. संशोधन संस्थांचीही तीच गत. हाजीअलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आरोग्य मंत्रालयाची, तर वांद्र्याची अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाची. दोहोंमध्ये टॅक्सीने फार वेळ लागत नाही. दिल्लीतील दोन मंत्रालयांमध्ये मात्र फाइलला किती वेळ लागतो, याचा अंदाज आपल्यापैकी शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना असेलच.

श्रवणयंत्राचेच उदाहरण घ्या. सत्तरीच्या गृहस्थांना ते दिव्यांगांसाठीच्या ‘एडिप’ योजनेतून मिळू शकते, किंवा उत्पन्न कमी असेल तर ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून. पहिली योजना एका विभागाची, दुसरी त्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या विभागाची. शिवाय आपल्या राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री वयोश्री योजना आहेच. तीत अशा साधनांसाठी पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात ३ हजार रुपये जमा होतात. कान तेच, बहिरेपण तेच. परंतु एका नोंदवहीत ते अपंगत्व ठरते आणि दुसरीत वार्धक्य.

कायद्याने या समन्वयाची सोय केलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि पुनर्वसनविषयक संशोधनाची जबाबदारी शासनावर टाकली. केंद्रीय सल्लागार मंडळाने सर्व खात्यांच्या कामाचा आढावा घेऊन त्यांत समन्वय साधावा आणि सहा महिन्यांतून निदान एकदा बैठक घ्यावी, असेही त्यात लिहिले आहे. अमेरिकेत वेगवेगळ्या संघराज्य खात्यांतील अपंगत्व-संशोधनाचा मेळ घालण्यासाठी पुनर्वसन कायद्यान्वये खास आंतरखाते समिती १९७० च्या दशकातच निर्माण झाली. आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळातील कुटुंब आरोग्य पाहणीत अपंगत्वाचा प्रश्न प्रथमच आला आणि पुढच्या फेरीतून तो गाळला गेला. अशी माहिती झपाट्याने बदलत नाही आणि ती २०१८ च्या नमुना सर्वेक्षणातून उपलब्ध आहेच, असे कारण देण्यात आले. हे कारण मला दुबळे वाटते. एखाद्या घरातील मधुमेह, रक्तदाब, पोषण आणि अपंगत्व एकाच पाहणीत विचारले, तरच त्यांचे एकमेकांशी असलेले नाते दिसते. अपंगत्वाचा आकडा एका पाहणीत आणि मधुमेहाचा दुसरीत असेल, तर पाय गमावणाऱ्या मधुमेही रुग्णांचा हिशेब लागणे अवघड.

मोजणी चांगली कशी करावी, याचे उत्तर जगाने बऱ्याच अंशी शोधलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘वॉशिंग्टन गटा’ने सहा प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही पाहण्यास अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकण्यास? चालण्यास किंवा पायऱ्या चढण्यास? लक्षात ठेवण्यास वा एकाग्र होण्यास? अंघोळ करण्यास, कपडे घालण्यास? आपल्या नेहमीच्या भाषेत दुसऱ्याशी संवाद साधण्यास? उत्तरे चार : काहीच अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, मुळीच जमत नाही. यांत ‘अपंग’ हा शब्द कोठेही नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. ‘तुम्ही अपंग आहात का?’ असे विचारले, तर गुडघे धरून जिना उतरणाऱ्या आजी ठामपणे ‘नाही’ म्हणतात. ‘जिना चढताना त्रास होतो का?’ असे विचारले, तर दहा मिनिटे बोलतात. आपल्याकडे तर बहुधा आजींना विचारलेही जात नाही. घरातील कर्ता दारातच ‘नाही हो, वयोमानाप्रमाणे आहे सगळे’ असे सांगून मोकळा होतो.

आता स्मृतिभ्रंशाविषयी थोडे विस्ताराने, कारण या सदराच्या अनेक वाचकांच्या घरी तो आहे. ‘लासी’च्याच पुढच्या टप्प्यातील अभ्यासानुसार आपल्याकडे साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हे संशोधन आरोग्य क्षेत्रात झाले. अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांची यादी मात्र सामाजिक न्याय मंत्रालयाच्या कायद्यात आहे, आणि तीत पार्किन्सनचे नाव असले तरी स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या आजोबांच्या कुटुंबाला अर्जावर कोणत्या रकान्यात खूण करावी हे कळते; शेजारच्या घरात, पत्नीलाही न ओळखणाऱ्या आजोबांच्या सूनबाई मात्र रकाना शोधत बसतात. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडून मानसिक आजाराच्या निकषांवर मूल्यमापन करून घेण्याचा मार्ग असतो. तो त्यांना कोणीतरी सांगावा लागतो.

काळजीवाहकांविषयीही एक आकडा सांगतो. २०१८ च्या नमुना सर्वेक्षणात ६२ टक्के अपंग व्यक्तींना काळजी घेणारे कोणीतरी आहे, असे आढळले; गरज असूनही कोणी नाही, असे केवळ ०.३ टक्के निघाले. किती समाधानकारक! परंतु ती काळजी घेणारी व्यक्ती स्वतः बहात्तर वर्षांची आहे का, तिची कंबर धरली आहे का, गेल्या वर्षभरात तिला एक रात्र तरी सलग झोप मिळाली का, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्याच सर्वेक्षणात अपंगत्वाचे प्रमाणपत्र असणारे अवघे २८.८ टक्के होते आणि शासनाकडून काही साहाय्य मिळालेले २१.८ टक्के.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे सोळा वर्षांनी प्रगणक दारी येतील. त्यांना घाई असेल, तरीही घरातील वृद्धांना पुढे बसवावे आणि त्यांच्या अडचणी त्यांनाच सांगू द्याव्यात. त्यांना बोलता येत नसेल, तर रोज अंघोळ घालणाऱ्या व्यक्तीने उत्तर द्यावे. संध्याकाळी घरी येणाऱ्याने नव्हे. ‘वयोमान’ हा शब्द त्या दिवशी टाळावा. त्याऐवजी काय जमत नाही, ते सांगावे.

प्रमाणपत्राविषयी विचारणा करणारी पत्रे नेहमी येतात, म्हणून थोडक्यात लिहितो. अर्ज ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावर करावयाचा असतो. संगणक जमत नसल्यास सेवा केंद्रातून तो भरून मिळतो. नंतर नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. पक्षाघातासारख्या मेंदूच्या विकारात आजार सुरू झाल्यापासून सहा महिने उलटल्यावरच मूल्यमापन करतात, कारण तोवर सुधारणेला वाव असतो. त्याआधी रुग्णाला खुर्चीत बसवून नेण्याचा खटाटोप करू नये. जाताना आधार कार्ड, मेंदूच्या तपासण्यांचे अहवाल आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवावे. डिस्चार्ज कार्ड हरवले असेल, तर रुग्णालयाच्या अभिलेख कक्षाकडे लेखी अर्ज करून त्याची प्रत आधी मागवून घ्यावी.