‘भारताचा पिकासो’ म्हणण्यापूर्वी

१/
मकबूल फिदा हुसेन यांचे नाव निघाले की ‘भारताचा पिकासो’ हे विशेषण पाठोपाठ येते. वरवर कौतुकाच्या या शब्दांत एक आरोप दडलेला आहे : अस्सल ते पॅरिसमध्ये, मुंबईत झाली ती नक्कल. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास तपासला तर हा आरोप टिकत नाही. फ्रेंच आधुनिक कलेचा प्रभाव खरा होता आणि खोलही होता. मात्र त्याला अनुकरण म्हणणे हा त्या पिढीवर अन्याय आहे.

२/
आधी त्या काळचे कलाशिक्षण पाहावे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. तेथे ब्रिटिश अकादमिक परंपरा रुजली : पुतळ्यांवरून रेखाटन, यथादर्शन, छायाप्रकाश, हुबेहूब व्यक्तिचित्र. या परंपरेने महाराष्ट्राला समर्थ चित्रकार दिले, यात शंका नाही. परंतु डोळ्यांना दिसते तसे उतरवणे म्हणजेच चित्रकला, ही समजूतही तिनेच दृढ केली.

३/
पॅरिसमध्ये ती समजूत केव्हाच मोडली होती. सेझानने निसर्गदृश्य रंगांच्या लहानलहान पृष्ठांतून एखाद्या वास्तूसारखे बांधले. मातीसने रंगाला वस्तूच्या वर्णनातून मोकळे केले. पिकासो आणि ब्राक यांनी १९०७ नंतरच्या काही वर्षांत घनवाद घडवला आणि एकाच वस्तूच्या अनेक बाजू एका चित्रात आणल्या.

४/
ही कला मुंबईच्या तरुणांपर्यंत पोहोचली, ती बऱ्याच अंशी निर्वासितांमुळे. नाझी राजवटीमुळे मध्य युरोप सोडावा लागलेले तिघे जण मुंबईत स्थिरावले. रूडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये आले आणि कलासमीक्षक म्हणून नावारूपाला आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. एमान्युएल श्लेसिंगर हे उद्योजक आणि चित्रसंग्राहक होते.

५/
१९३७ साली म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक कलेला ‘विकृत’ ठरवून तिचे टिंगल करणारे प्रदर्शन भरवले. त्याच सुमारास मुंबईत मात्र या निर्वासितांच्या घरी तीच कला ग्रंथांतून आणि मुद्रित प्रतींतून तरुणांच्या हाती येत होती. पॅरिसची कला मुंबईला मिळाली, ती राज्यकर्त्यांनी लादली म्हणून नव्हे. ती एका हुकूमशाहीने हाकलून दिलेल्या माणसांनी सोबत आणली होती.

६/
१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. संस्थापक सहा : गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, मंडला जिल्ह्यातील सय्यद हैदर रझा, पंढरपूरला जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवणारे हुसेन, घरगडी म्हणून राबलेले के. एच. आरा, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे आणि गटातील एकमेव शिल्पकार सदानंद बाकरे.

७/
या सहा जणांसमोर दोन रूढ वाटा होत्या : ब्रिटिश अकादमीची हुबेहूब चित्रणाची किंवा बंगाल शैलीची पुनरुज्जीवनवादी. एक सत्तेची, दुसरी गतकाळाची. दोन्ही नाकारणाऱ्यांना तिसरी भाषा हवी होती. राष्ट्रीय आंदोलनातील सहभागामुळे जे. जे. मधून काढले गेलेले सूझा लंडनच्या अकादमीला प्रमाण मानतील, ही अपेक्षाच विसंगत होती. त्यांच्यासाठी पॅरिसकडे पाहणे म्हणजे साम्राज्याच्या कलादृष्टीला पाठ फिरवणे होते.

८/
घेतलेल्या भाषेत त्यांनी काय मांडले, हा पुढचा प्रश्न. १९४८ मध्ये दिल्लीत भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले. हुसेन आणि सूझा ते पाहायला गेले. मथुरेची शिल्पे आणि बसोली लघुचित्रांचे धगधगते रंग यांनी हुसेन यांच्या चित्रांना वळण दिले. पॅरिसकडून आलेली रेषेची मोकळीक आणि भारतीय शिल्पाची अंगलट त्यांच्या चित्रांत एकत्र आली.

९/
रझा यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहून सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. १९५० मध्ये रझा शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा पुरस्कार मिळवला. दशकानुदशके फ्रान्समध्ये राहूनही त्यांची चित्रे अखेर ‘बिंदू’पाशी स्थिरावली. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात तर त्यांनी देवनागरी अक्षरेच रंगवली. सेझानने शिकवलेल्या बांधणीत मंडल्याच्या बालपणाचे केंद्र त्यांना सापडले.

१०/
मुळात पॅरिस तरी स्वयंभू होते काय? मोने आणि व्हॅन गॉग यांनी जपानी मुद्राचित्रांकडून घेतले. मातीस इस्लामी कलेकडून आणि मोरोक्कोच्या प्रवासातून शिकला. पिकासोने १९०७ च्या सुमारास पॅरिसच्या वस्तुसंग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि त्याची चित्रे बदलली. तरीही पिकासोला कोणी ‘युरोपचा आफ्रिकी शिल्पी’ म्हणत नाही. युरोपने घेतले की प्रतिभा आणि भारताने घेतले की प्रभाव, हा मापदंड इतिहासाचा नाही. तो सत्तेचा आहे.

११/
या प्रभावाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. त्या काळातील काही चित्रे खरोखरच उसनी वाटतात. शिवाय परदेशातील मान्यता हीच कसोटी ठरल्याने रझा, सूझा, हुसेन सर्वतोमुखी झाले; गाडे, आरा, बाकरे मात्र मराठी घरांतही अपरिचित राहिले. लंडनमध्ये अनेक वर्षे काढून कोकणात मुरुड-हर्णैला परतलेल्या बाकरे यांचे नाव किती मराठी वाचकांना ठाऊक असेल? हा तोटा पॅरिसने केलेला नाही. पॅरिसचा शिक्का शोधणाऱ्या नजरेने तो केला.

१२/
ती नजर सुधारायला लांब जावे लागत नाही. वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या तरुणाला वसई रोडहून चर्चगेटची लोकल पुरते. तेथून काळा घोडा परिसरातील जहांगीर आर्ट गॅलरी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय चालण्याच्या अंतरावर आहेत. वाटेत ओव्हल मैदान लागते : एका बाजूला ब्रिटिशांच्या गॉथिक इमारती, समोर १९३० च्या दशकातील आर्ट डेकोची रांग. त्या शैलीला नाव मिळाले ते पॅरिसमधील १९२५ च्या प्रदर्शनावरून. शहरानेही तेव्हा लंडनपलीकडे पाहिले होते.

१३/
म्हणून यापुढे एखादे भारतीय आधुनिक चित्र समोर आले, तर ‘हे कोणासारखे आहे?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : चित्रकाराने काय घेतले, का घेतले आणि त्याचे काय केले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की हुसेन यांना ‘भारताचा’ कोणी म्हणण्याची गरज उरत नाही. पंढरपूरचे हुसेन एवढी ओळख पुरेशी ठरते.