मारकुटा कोण?

परवा एका परिचितांचा फोन आला. "वहिनी, तुमच्याकडे ते गिनीपिग आहेत ना? आमचाही एक घेऊन जाल का? फार मारकुटा निघालाय हो. मुलीच्या हट्टापायी त्याला जोडीदार आणला, तर पाच मिनिटांत त्याच्या अंगावर धावून गेला. रक्त काढलं! आता नवीन ठेवतो आणि जुना देऊन टाकतो."

मी विचारलं, ओळख कशी करून दिलीत?

"ओळख म्हणजे? पिंजऱ्याचं दार उघडलं आणि सोडला आत."

पिंजरा केवढा? दोन फूट बाय दीड फूट. आत एक प्लॅस्टिकचं घर, त्याला एकच दार. एक वाटी, एक पाण्याची बाटली. जुना त्या पिंजऱ्यात किती दिवस? दोन वर्षं. आणला तेव्हा केवढा होता? "अगदी एवढासा, मुठीत मावेल एवढा." त्या दोन वर्षांत त्याने दुसरा गिनीपिग पाहिला होता का? "नाही, कुठून पाहणार? पण आम्ही सगळे आहोत की त्याला!"

म्हणजे बघा. कळपात राहणारा जीव मुठीएवढा असताना आपण कळपातून उचलायचा, दोन वर्षं एकांतकोठडीत ठेवायचा, आणि मग एके दिवशी संध्याकाळी त्याच कोठडीत एक परका आणून टाकायचा. त्याने त्याला चावलं की मारकुटा तो. आपण कोण? प्राणिप्रेमी.

एवढ्या तावातावाने बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलेलं आहे. आमचा गुंड्या तेव्हा दीड वर्षाचा होता, एकटा. त्याला सोबत म्हणून अडीच महिन्यांचा बटाटा आणला. दोघेही नर. (बटाटा हे नाव मुलाने ठेवलं. रंग बघितलात तर पटेल.) रविवार होता, घरात सगळे कौतुकाने पिंजऱ्याभोवती बसलो होतो, कॅमेरासुद्धा तयार होता. गुंड्याने हुंगलं, दात कटकट वाजवले, अंग फुलवलं, आणि बटाटा त्या एका दाराच्या घरात शिरला तसा गुंड्या दारात उभा राहिला. बाहेर पडायला वाट नाही. पुढच्या काही सेकंदांत बटाट्याच्या कानाचा लहानसा तुकडा गेला. मी हात घातला, तर माझ्या बोटातही दात रुतले. तो डाग अजून आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सवत आणलीस ना गं त्याच्या उरावर, मग काय होणार!" आणि आम्ही सगळे हसलो आणि गुंड्याला पुढचे चार दिवस 'गुंडा' म्हणून हाका मारल्या. गुंडगिरी कोणाची होती हे कळायला मला जरा वेळ लागला.

या प्राण्याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगरात. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, खाण्यासाठी. पेरूमधल्या गावांतून आजही हे 'कुय' स्वयंपाकघरात जमिनीवर घोळक्याने फिरतात आणि सणासुदीला भाजून पानात पडतात. आपल्याला ऐकूनच कसंसं होतं. पण गंमत अशी, की जे लोक त्यांना खातात ते निदान जिवंत असेपर्यंत त्यांना घोळक्यात राहू देतात, आणि जे लाड करतात ते एकटं कोंडतात. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली आलेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांनी गिनीपिग एकटा ठेवायला मनाईच केली. त्या बातमीवर आपल्याकडे लोक हसले होते, "उंदरांनाही कायदा!" म्हणून. हसणाऱ्यांत मीही असेन बहुधा.

आता 'स्वभाव' या गोष्टीबद्दल. नॉर्बर्ट झाक्सर नावाचे जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ आहेत. आयुष्यभर त्यांनी गिनीपिगांच्या सामाजिक वागण्याचा अभ्यास केला. त्यांनी क्रिस्टीन लिक यांच्याबरोबर १९९१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. काही नर मोठ्या कळपात वाढवले होते, काही कळपाबाहेर, एकेकटे. मोठे झाल्यावर त्यांना अनोळखी जागी, अनोळखी नरासमोर आणलं. कळपात वाढलेले एकमेकांना हुंगून, अंदाज घेऊन, फारशी मारामारी न करता आपापलं ठरवून मोकळे झाले. त्यांच्या रक्तात ताणाचं कॉर्टिसॉलसुद्धा फारसं वाढलं नाही. कळपाबाहेर वाढलेले मात्र एकमेकांवर तुटून पडले, आणि हरणाऱ्याची अवस्था वाईट झाली. प्राणी तोच, नरच, वयही तेच. फरक एवढाच की कळपातल्या पोरांनी वयात येताना मोठ्या नरांकडून फटके खाऊन शिकून घेतलेलं असतं, की कुठे थांबायचं, कुठे मान खाली घालायची. एकट्याला हे शिकवणार कोण? आपण? आपण त्याला 'शू शू' करतो आणि काकडीचा तुकडा देतो.

म्हणून 'आमचा जातीचाच भांडकुदळ' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भांडकुदळ जन्माला येत नाही हो, तो आपल्या हॉलच्या कोपऱ्यात तयार होतो.

बरं, भांडण सुरू झालं की सल्ला देणारे तीन प्रकारचे भेटतात. पहिले म्हणतात, "लढू द्या, त्यांचं ते ठरवतील." हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. ठरवतील, पण पळायला जागा असेल तर. रानात हरलेला पळून जातो आणि भांडण संपतं. तीन चौरस फुटांत हरलेला कुठे पळणार? हरूनही तो समोरच दिसत राहतो, म्हणून जिंकलेला मारत राहतो.

दुसरे म्हणतात, "जरा गुरगुरले की लगेच वेगळे करा." यात आया जास्त असतात, मीही होते. पण गुरगुरणं हे भांडण नाही, बोलणं आहे. कंबर हलवत, खोल घुर्रर्र आवाज काढत नवीन आलेल्याभोवती फिरणं, नाक वर करून उभं राहणं, पाठीवर चढणं, हाकलत नेणं, चिमटीभर केस उपटणं... बघताना आपला जीव खालीवर होतो, पण ही सगळी 'इथला मोठा कोण' याची वाटाघाट आहे. दर पाच मिनिटांनी आपण त्यांना उचललं की वाटाघाट अर्धवट राहते आणि पुन्हा सोडल्यावर पहिल्यापासून सुरू होते. असं आठ दिवस करा, नववा दिवस रक्ताचाच असतो.

तिसरे नुस्खेवाले. दोघांना एकत्र आंघोळ घाला म्हणजे संकटात मैत्री होते. दोघांच्या नाकाला व्हिक्स लावा म्हणजे वास येणार नाही. अहो, ज्या प्राण्याची सगळी ओळख वासावर चालते त्याचं नाकच बंद करून ओळख कशी होणार? आणि आंघोळीत ते चिकटून बसतात ते घाबरून. लिफ्ट बंद पडली की आपणही अनोळखी माणसाशी गप्पा मारतो. म्हणून त्याच्याशी संसार करत नाही.

मग खरी मारामारी ओळखायची कशी? दोघे समोरासमोर ताठ, मानेवरचे केस उभे, दातांची कटकट थांबतच नाही, आणि मधूनच मोठी जांभई. ही जांभई झोपेची नसते, दात दाखवायची असते. दोघांतलं एकही जण मागे हटत नसेल तर तिथे मध्ये पडायचं. आणि दोघांचा मिळून एक चेंडू होऊन गरगरायला लागला तर वाट बघायची नाही. पण हात घालायचा नाही, कृपा करून! जाड टॉवेल टाकायचा, नाहीतर केराची सुपली मध्ये सरकवायची. आम्ही दुसऱ्या खेपेला सुपली घेऊनच बसलो होतो. ती वापरावी लागली एकदाच.

हो, दुसरी खेप. कान बरा होईपर्यंत बटाटा वेगळ्या खोलीत होता. खरं तर नवीन आलेला पहिले दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवायचा असतो, कारण दुकानातून तो काय काय रोग आणि उवा घेऊन आलेला असतो कोण जाणे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर कान वाचला असता. मग दोघांचे पिंजरे शेजारी ठेवले, मध्ये जाळी. आज याचं गवत त्याच्याकडे, उद्या त्याचं याच्याकडे. दोन आठवडे गुंड्या जाळीला नाक लावून कटकट करायचा, नंतर जाळीला टेकून झोपायला लागला. मग एका सुट्टीच्या दिवशी बेडरूममधलं सामान सरकवून खाली जुन्या चादरी घातल्या. ती खोली गुंड्याने आधी कधीच पाहिलेली नव्हती. हे महत्त्वाचं. स्वतःच्या पिंजऱ्यात तो इंच न् इंच बूड घासत वास लावून ठेवतो, तिथे येणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी घुसखोरच. पाच ठिकाणी गवताचे ढीग, मूठमूठ कोथिंबीर, आणि दोन्ही बाजूंनी कापलेले पुठ्ठ्याचे खोके. आत शिरणाऱ्याला मागून निसटता आलं पाहिजे. बटाट्याचा कान गेला तो गुंड्याच्या रागामुळे कमी आणि एका दाराच्या त्या गुलाबी घरामुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घर मी दुसऱ्याच दिवशी फेकून दिलं.

सकाळी नऊला सुरू केलं. अकरापर्यंत नुसतं घुर्रर्र आणि पळापळ. साडेअकराला एकदा सुपली. मग गुंड्या दमला. दुपारी दोघे एकाच ढिगाची दोन टोकं खात होते, एकमेकांकडे पाठ करून, भाऊबंदकीतले लग्नात जेवायला बसतात तसे. चारला बटाट्याने गुंड्याच्या तोंडातली कोथिंबीर ओढली आणि गुंड्याने ती ओढू दिली. मी अजूनही ते सांगताना जरा हळवी होते, असो. रात्री दोघांना परत नेलं ते नव्या, मोठ्या जागेत. दोघांना साडेसात चौरस फूट तरी हवंच, दहा मिळाली तर उत्तम. जुना पिंजरा व्हिनेगरने धुऊन गच्चीवर गेला. पुढे दोनेक आठवडे कुरबुरी चालल्या. रक्त पुन्हा आलं नाही.

सगळ्यांचं जमतंच असं नाही. दोन तरणे नर, त्यात जवळपास मादीचा वास, तर कितीही सोपस्कार करा, कधीकधी नाहीच जमत. दुसरा स्वभाव जमेल, नाहीतर जाळीअल्याड-पल्याड जन्मभर शेजारी राहतील. तेही एकटं राहण्यापेक्षा कितीतरी बरं. पण 'नाही जमत' हे म्हणायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. पाच मिनिटं दार उघडून बघणं म्हणजे काही करणं नव्हे.

दुकानदारांबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतेच. 'जोडी' म्हणून देतात, त्यात काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं. दोन्ही माद्या म्हणून आणलेल्यांना दोन-अडीच महिन्यांत पिल्लं झालेली मी दोन घरांत पाहिली आहेत. मादी महिन्याभराची झाली की गाभण राहू शकते, हे सांगायचं काम कोणाचं? २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारचे नियम आले, राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीची पाटी तुमच्याजवळच्या दुकानात आहे का, एकदा बघा. आणि एकटं पिल्लू मागणारं गिऱ्हाईक तरी कोण असतं? आपणच. 'आधी एक नेऊन बघू.'

हे सगळं मी त्या परिचितांना फोनवर सांगितलं, बहुधा याहून जास्त सांगितलं. ते "हो हो" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, एवढा वेळ कोणाला आहे? तुम्ही नेता का सांगा." मी म्हटलं, घरी विचारते. गुंड्या आता म्हातारा झालाय, तिसरा नर आणणं म्हणजे जमलेलं विस्कटायचं, शिवाय जागा... दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले, दुकानात परत देऊन टाकला.

संध्याकाळी त्या दुकानात गेले. तपकिरी-पांढरा, दोन वर्षांचा, असं वर्णन सांगितलं.

"तो होय? गेला ना दुपारीच," दुकानदार म्हणाला. "वाढदिवसाला हवा होता त्यांना. एकच पाहिजे म्हणाले."